बिनक्लचची गाडी

"मला डोळे बांधून कुठल्याही गाडीत बसवा. नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून सांगतो, कितव्या गिअरमध्ये आहे ते!"

मास्तर असं छाती पुढे काढून सांगायचे, आणि ते खरं होतं, हे आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर पुढची फजिती ऐकून तुम्ही म्हणाल, माणूस नुसताच बाता मारणारा होता. तसं नाही. मास्तर पट्टीचे होते. फक्त डोळे बांधलेले नसताना त्यांचं काय होतं, हे त्यांना त्या गुरुवारपर्यंत ठाऊक नव्हतं.

हे मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. एका खोलीचं ऑफिस, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि दारात एक पोक्त गाडी. गाडीत पायाशी दोन संच. शिकणाऱ्याच्या पायाखाली क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर, आणि शेजारच्या सीटवर मास्तरांच्या पायाखाली त्यांचा स्वतःचा क्लच आणि स्वतःचा ब्रेक. एकतीस वर्षं ते या शेजारच्या सीटवर बसून होते. हजारो लोकांना त्यांनी क्लच शिकवला. ब्रेक, आरसे, सिग्नल हे सगळं ते शिकवायचेच, पण उरलेल्या वेळात. "गाडी चालवणं म्हणजे क्लच! बाकीचं काय, माकडसुद्धा करेल!" असं म्हणायचे. लोक त्यांना पाठीमागे क्लचमास्तर म्हणत. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना मनापासून आवडलं होतं.

एवढ्या हजारांत मास्तरांच्या हाताखाली एकच विद्यार्थी असा निघाला, की जो तीनदा परीक्षेला बसला आणि तिन्ही वेळा नापास झाला.

ती त्यांची बायको!

बायकोला सगळे सिस्टर म्हणत. बत्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होत्या, रिटायर झाल्यावरही नाव चिकटून राहिलं. सुई टोचायची, टाके काढायचे, रात्रभर उभं राहायचं, कशाला म्हणून कधी डगमगल्या नाहीत. पण परीक्षेच्या मैदानावर एक चढ होता. त्या चढावर मध्येच थांबायचं आणि गाडी मागे न येऊ देता पुन्हा वर न्यायची. पहिल्यांदा तिथे इंजिन बंद पडलं. दुसऱ्यांदा बंद पडलं, सुरू केलं, पुन्हा बंद पडलं. तिसऱ्यांदा मात्र अजिबात बंद पडलं नाही. गाडी चालू इंजिनानिशी डौलात मागे आली आणि पायथ्याच्या वाळूच्या पोत्यांवर जाऊन बसली!

नापास करणारे इन्स्पेक्टर साहेब मास्तरांचेच जुने विद्यार्थी. मास्तरांसमोर अजूनही नकळत ताठ उभे राहायचे. तिसऱ्या वेळी खाली मान घालून म्हणाले, "मास्तर, माफ करा. पण नियम म्हणजे नियम, हे तुम्हीच शिकवलंत."

मास्तरांना धड रागावताही येईना.

नियम पुढे असाही होता, की चौथ्यांदा नापास झालं तर कच्चं लायसन्स रद्द. सहा महिने गप्प बसायचं, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि सिस्टरना सहा महिने थांबायला वेळ नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या घरी जाऊन जखमांचं ड्रेसिंग करायचं, असं काम त्यांना एका क्लिनिकनं देऊ केलं होतं. शहराच्या पार पलीकडच्या टोकाला सात पेशंट होते. बसनं जाऊन वेळा सांभाळणं अशक्य. क्लिनिकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "सिस्टर, दोन महिन्यांत लायसन्स दाखवा, सातही तुमचे. नाहीतर मला दुसरी नर्स बघावी लागेल." रिटायर झाल्यापासून सिस्टर घरातली कपाटं आवरून आवरून कंटाळल्या होत्या. काही कपाटं तर आता आवरण्यासाठी आधी विस्कटावी लागत होती. त्यांना ते काम जिवापाड हवं होतं.

अशा वेळी लेकीनं घरात बॉम्ब टाकला. आईसाठी गाडी आणली. लहानशी, लिंबाच्या रंगाची, ऑटोमॅटिक!

मास्तर गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आले. मग खाली वाकून ड्रायव्हरच्या सीटपुढे पायाशी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"एक पेडल कमी आहे," ते म्हणाले.

"कमी नाही, बाबा. लागतच नाही," लेक म्हणाली.

"क्लच लागत नाही?"

"नाही."

"म्हणजे गिअर कोण बदलतं?"

"गाडी बदलते."

"आणि माणूस काय करतो?"

"बसतो."

मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तिथून जी दोषांची सरबत्ती सुरू झाली! डिकी उघडून म्हणाले, "ही डिकी आहे का पत्रपेटी? दोन पिशव्या ठेवल्या की तिसरी मांडीवर घ्यावी लागेल!"

"आईची एकच बॅग असते, बाबा."

"चढावर दम लागेल हिला. ओव्हरटेक करायचं तर आधी अर्ज द्यावा लागेल!"

"आईला कुणाला ओव्हरटेक करायचंय?"

"आणि बॅटरी उतरली तर? ढकलून सुरू होते का?"

"ढकलून नाही होत. पण हल्ली कोण गाडी ढकलतं?"

"आमची आम्ही रोज ढकलतो!" मास्तर अभिमानानं म्हणाले, आणि मग आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन घरात निघून गेले.

गाडीचं नाव लिंबूच पडलं. पुढचे सहा रविवार सकाळी आई आणि लेक लिंबू घेऊन बाहेर पडायच्या, आणि मास्तर खिडकीत बसून पेपर वाचायचे. म्हणजे पेपर हातात असायचा. नजर पेपरच्या वरून रस्त्यावर. शेजाऱ्यांच्या दोन गाड्यांमध्ये उरलेल्या जागेत सिस्टर ती गाडी अशी अलगद घुसवायच्या, जशी शिशी खोक्यात ठेवावी. पोक्त गाडीला वळायला ज्या गल्लीत तीनदा मागेपुढे करावं लागे, तिथे लिंबू एका दमात वळायची. हे सगळं मास्तरांना दिसत होतं. त्यांनी त्याची कुठेही वाच्यता केली नाही. खरं सांगायचं तर त्यांना वाईट वाटत होतं. हजारो लोकांना शिकवलं, आणि घरातल्या माणसाला शिकवायला क्लच नसलेली गाडी आणावी लागली, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

गुरुवारी, परीक्षेच्या दिवशी, लेक बरोबर जाणार होती. पण ऐनवेळी तिला ऑफिसात बोलावणं आलं. कच्च्या लायसन्सवाल्यांच्या शेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस लागतंच. तेव्हा उरलं कोण? मास्तर!

लेकीनं ऑफिसातून फोन केला. "बाबा, दोन गोष्टी नीट ऐका. ही गाडी सिग्नलला थांबली की पेट्रोल वाचवायला इंजिन आपोआप बंद करते. ब्रेकवरचा पाय काढला की आपोआप सुरू होते. घाबरू नका. आणि दुसरं, तुम्हाला कधी गाडीतून उतरावं लागलं तर आधी गिअरचा दांडा..."

"बाळ," मास्तर म्हणाले, "तू जन्मायच्या आधीपासून मी लोकांना गाडीतून उतरायला शिकवतोय!" आणि फोन ठेवून दिला.

पहिली गोष्ट त्यांनी अर्धवट ऐकली होती. दुसरी तर ऐकलीच नव्हती.

तर निघाले. सिस्टर चालवत होत्या, मास्तर शेजारी. पहिल्याच वळणावर समोरून टेम्पो आला आणि मास्तरांनी दोन्ही पाय दाणकन खाली मारले. खाली पायपुसणं होतं. सिस्टरनी शांतपणे वेग कमी केला, टेम्पो गेला, त्या पुढे निघाल्या. असं सात-आठ वेळा झालं. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "अहो, पायपुसणं फाटेल."

"सवय आहे गं."

"माहीत आहे." जरा वेळानं त्या म्हणाल्या, "एक सांगू? मला क्लच जमत नव्हता असं नाही. वॉर्डात उभं राहून राहून हा डावा गुडघा गेलाय. चढावर क्लच अर्धा दाबून धरला की अशी कळ यायची, की पाय सुटायचाच."

मास्तर चमकले. "मग हे बोलायचं नाही का?"

"बोलले होते की. तिन्ही वेळा. तुम्ही म्हणालात, पाय नाटकं करतोय, चार दिवसांत वठणीवर येईल."

मास्तर खिडकीतून बाहेर बघू लागले. पुढच्या टेम्पोला त्यांचे पाय जागचे हललेसुद्धा नाहीत.

मैदानावर पोचले तर गाड्यांची रांग लागलेली. सिस्टरचा नंबर तिसरा. शेडमध्ये पंधरा-वीस माणसं कागद घेऊन बसली होती, आणि त्यातली निम्मी मास्तरांना ओळखणारी. "नमस्कार मास्तर!", "काय मास्तर, गाडी बदलली?", "मास्तर, लिंबू?" मास्तरांनी सगळ्यांना कसंनुसं हसून दाखवलं. सिस्टर गाडीतून उतरून सही करायला ऑफिसच्या खिडकीकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "मी आलेच. तुम्ही कशाला हात लावू नका हं."

तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला, "गाड्या पुढे घ्या! पुढची जागा रिकामी आहे, गाड्या पुढे घ्या!"

मागच्या गाडीत एक लठ्ठ शिंपी बसला होता. परीक्षेच्या भीतीनं आधीच घामाघूम झालेला. त्यानं हॉर्न वाजवला. मास्तरांनी मागे बघितलं. त्यानं पुन्हा वाजवला.

आता तुम्हीच सांगा. एकतीस वर्षांचा अनुभव, चार गाड्यांइतकी जागा, आणि मागून एक शिकाऊ शिंपी हॉर्न मारतोय. कोण माणूस गप्प बसेल?

मास्तर खाली उतरले, वळसा घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसले, आणि इंजिन सुरू केलं. दांडा "डी"वर, म्हणजे पुढे जायच्या खुणेवर, ढकलला. त्याला ब्रेक दाबावा लागतो एवढं त्यांना लेकीकडे बघून बघून कळलं होतं. पाय उचलला. गाडी आपली आपण पुढे सरकायला लागली. ॲक्सिलरेटरला हातही, म्हणजे पायही, लावलेला नाही, आणि ही निघाली! मास्तर मनात म्हणाले, आगाऊ आहे! आता जरा थांबवावी म्हणून उजवा पाय ब्रेककडे गेला, आणि त्याच क्षणी डावा पाय एकतीस वर्षांच्या इमानानं क्लच दाबायला धावला.

क्लच नव्हता. तिथे ब्रेकचं भलं रुंद पेडल होतं, आणि क्लच दाबावा तसं त्यांनी ते तळापर्यंत दाबलं!

गाडी भिंतीला धडकल्यासारखी जागच्या जागी थांबली. मास्तर थांबले नाहीत. त्यांचं कपाळ स्टिअरिंगवर गेलं आणि हॉर्न वाजला. चांगला लांबलचक! शेडमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. शिंप्यानं मागून हात जोडून खूण केली, की मी आता वाजवणार नाही, चुकलं माझं.

मास्तरांनी डोकं वर उचललं. आणि तेवढ्यात इंजिन गप्प झालं.

लेकीनं फोनवर सांगितलं होतं ते हेच. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद. पण मास्तरांच्या डोक्यात "सिग्नल" एवढाच शब्द राहिला होता, आणि इथे सिग्नल कुठे होता?

"बंद पडली!" ते ओरडले. आणि काय सांगू, इतका वेळ अपमान गिळत बसलेला माणूस एकदम खुलला. "बघा! बघा! अहो, चार पावलं चालली आणि बंद पडली! म्हणून सांगत होतो, म्हणून सांगत होतो!"

मग त्यांच्या लक्षात आलं, की पुढे फक्त एक गाडी आहे आणि तिच्यानंतर सिस्टरचा नंबर. आनंद तिथेच मावळला. बंद पडलेल्या गाडीत परीक्षा कशी द्यायची? उतरून बॉनेट उघडून बघावं, असं ठरवून त्यांनी दार उघडलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मास्तरांचा हॅंडब्रेकवर विश्वास नव्हता. ती त्यांच्या शाळेची शिकवण होती. "हॅंडब्रेकची तार कधी दगा देईल सांगता येत नाही. गाडी उभी करताना इंजिन बंद आणि गिअर टाकलेला! गिअर टाकलेली गाडी जागची हलत नाही!" साध्या गाडीच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. मास्तरांनी दांड्याकडे बघितलं. दांडा "डी"वर होता. म्हणजे गिअर टाकलेला आहे. इंजिन बंद आहे. झालं तर!

निर्धास्तपणे त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला आणि उतरले. गाडी टुंग टुंग करून काहीतरी सांगू लागली. "आता वाजून काय उपयोग?" मास्तर तिला म्हणाले, आणि बॉनेट उघडायच्या आधी शिंप्याला चार शब्द ऐकवायला, गाडीकडे पाठ करून, त्याच्याजवळ गेले.

"या ऑटोमॅटिकचा हाच दोष," ते त्याच्या खिडकीत वाकून समजावू लागले. "माणसाच्या हातात काही ठेवलेलंच नाही. आता आमची जुनी गाडी असती तर..."

"मास्तर," शिंपी म्हणाला.

"ऐका आधी. बंद पडली तर दोघांनी ढकलायची..."

"मास्तर, तुमच्या गाडीत कोण बसलंय?"

"कुणी नाही."

"मग ती नेतंय कोण?"

मास्तर वळले. लिंबू निघाली होती! ब्रेकवरचा पाय निघताच तिचं इंजिन पुन्हा जागं झालं होतं, इतक्या हळू आवाजात, की डोळे बांधून गिअर ओळखणाऱ्या मास्तरांना ते ऐकूही आलं नव्हतं. ड्रायव्हरचं दार अर्धवट उघडं, आत कुणी नाही, आणि गाडी संध्याकाळी फिरायला निघालेल्या आजोबांच्या चालीनं सरळ पुढे चाललेली. नेमकी तेव्हाच पुढची गाडी परीक्षा संपवून बाहेर पडली होती आणि मैदानाचं फाटक सताड उघडं होतं.

"ए!" मास्तर ओरडले आणि धावले.

धावायची खरं तर गरज नव्हती. भरभर चाललं तरी पुरलं असतं. पण मास्तरांची अशी काही भंबेरी उडाली होती, की ते गाडीच्या पुढे गेले, मग मागे आले, मग बाजूनं दार धरून तिच्याबरोबर चालू लागले. उडी मारून आत बसावं, हे बासष्टाव्या वर्षी जमेना. हात घालून दांडा ओढावा तर दांड्यावरचं एकही अक्षर आठवेना. तेव्हा त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. शिकवायला सुरुवात केली!

"हळू! हळू! घाबरायचं नाही! पाय क्लचवर! क्लच दाब! आधी क्लच, मग ब्रेक! अगं क्लच दाब ना!"

रिकाम्या सीटनं काहीही दाबलं नाही.

शेडमधली सगळी माणसं उभी राहिली. इन्स्पेक्टर साहेब हातात पाटी घेऊन मैदानाच्या मधोमध होते, ते बाजूला झाले. त्यांनी एकतीस वर्षं शिकवणारे मास्तर रिकाम्या गाडीला शिकवणी देताना बघितले आणि त्यांच्या तोंडाचा आ झाला. गाडी दोन खांबांच्या बरोबर मधून गेली. पांढऱ्या पट्ट्याला धरून गेली. आणि चढाला लागली.

तोच चढ! तीनदा घात केलेला!

लिंबू चढू लागली. तिचा वेग कमी कमी होत गेला. निम्म्यावर पोचली आणि थांबली. मास्तर डोळे गच्च मिटून उभे राहिले, कारण पुढचं त्यांना पाठ होतं. आता ती मागे येणार आणि पोत्यांवर जाऊन बसणार.

पण ती मागे आली नाही. पुढेही जाईना, मागेही येईना. इंजिनाचा हलका रेटा आणि चढाचा उतार यांची जणू तडजोड झाली आणि गाडी चढाच्या मधोमध, एक बोटसुद्धा न घसरता, उभी राहिली. परीक्षेत जसं हवं अगदी तसं!

शेडमधून कुणीतरी टाळी वाजवली.

तेव्हा सिस्टर सही करून परत आल्या होत्या. त्यांनी मैदान बघितलं, चढावरची गाडी बघितली, दार धरून उभा असलेला नवरा बघितला. किंचाळल्या नाहीत, धावल्याही नाहीत. ज्या चालीनं बत्तीस वर्षं वॉर्डातून पेशंटकडे गेल्या त्याच चालीनं गेल्या. "सरका," म्हणाल्या. आत बसल्या, ब्रेक दाबला, दांडा "पी"वर, म्हणजे उभं राहायच्या खुणेवर, नेला, हॅंडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग मास्तरांकडे वळून विचारलं, "तुम्हाला लागलं नाही ना कुठे?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. कपाळावर हॉर्नचं वर्तुळ उमटलं होतं, पण ते त्यांनी सांगितलं नाही.

इन्स्पेक्टर साहेब आले. मास्तरांसमोर ताठ उभे राहिले आणि फार अवघड चेहरा करून म्हणाले, "मास्तर, परीक्षेच्या जागी गाडी विनाचालक सोडली तर ती गाडी ज्या उमेदवाराची, तो उमेदवार बाद. नियम आहे."

सिस्टरनी हातातला कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवला. बास, तेवढंच. पण तो कागद ठेवताना त्यांचा चेहरा मास्तरांनी बघितला. तीनदा त्या नापास झाल्या तेव्हा मास्तरांनी घरी येऊन चुका समजावून सांगितल्या होत्या. प्रत्येक वेळी चुका सिस्टरच्या होत्या.

"साहेब," मास्तर म्हणाले. आपल्या विद्यार्थ्याला त्यांनी साहेब म्हणायची ही पहिलीच वेळ. "ती गाडीत नव्हतीच. खिडकीपाशी सही करत होती, तिच्या सहीवर वेळ असेल बघा. गाडी मी सोडली."

"तुम्ही?" साहेब गोंधळले. "पण तुम्ही तर... म्हणजे, काही बिघाड झाला असेल ना? गाडीत दोष असेल तर तसं लिहिता येईल. तुमचं नाव राहील."

मास्तरांपुढे दार उघडं होतं. गाडीचा दोष! सहा आठवडे ते हेच तर सांगत होते. एक "हो" म्हटलं की अब्रू वाचली. पण दोष असलेल्या गाडीत परीक्षा होणार नाही, हेही त्यांना माहीत होतं. एकतीस वर्षांत ते सगळे नियम कोळून प्याले होते. शेडमधून वीस जण कान देऊन ऐकत होते. शिंपी तर गाडीतून उतरून जवळ येऊन उभा होता.

मास्तर साहेबांकडे वळले.

"गाडीत दोष नाही," ते म्हणाले. "गाडी चांगली आहे. मलाच ही गाडी चालवता येत नाही."

शिंप्यानं शेडकडे वळून मान डोलावली, म्हणजे मागच्यांनाही कळावं.

"हे लेखी द्यावं लागेल, मास्तर," साहेब हळूच म्हणाले.

मास्तरांनी लेखी दिलं. पाटीवर कागद ठेवून, आपल्या वळणदार अक्षरात: "मी, तीन दशकांहून अधिक काळ वाहन-शिक्षक, लिहून देतो की मला ऑटोमॅटिक गाडी चालवता येत नाही व आजच्या प्रकारात उमेदवाराची काहीही चूक नाही." खाली सही, तारीख. साक्षीदार म्हणून शिंप्यानं सही केली. त्याला त्या दिवशी परीक्षेपेक्षा याचाच जास्त आनंद झाला असावा.

मग सिस्टरची परीक्षा झाली. मास्तर शेडमध्ये खांबाला धरून उभे होते. खांबांमधून गाडी गेली. आठाच्या आकारात वळली, एका दमात. चढावर थांबली. मास्तरांचा डावा पाय फरशीत रुतला होता. लिंबू क्षणभर उभी राहिली, आणि मग अलगद वर गेली आणि पलीकडे उतरली. झालं! इतकंच! मास्तरांनी रुमाल काढून कपाळ पुसलं आणि मग डोळेही पुसले, आणि शेजाऱ्याला सांगितलं, की इथे धूळ फार आहे.

साहेबांनी फॉर्मवर "पास" लिहिलं. खाली शेऱ्याची रिकामी जागा होती. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, थोडा विचार केला आणि लिहिलं: "उमेदवार अत्यंत शांत. शिक्षकास मागील सीटवर बसवावे."

नियम म्हणजे नियम! खिडकीवर फोटो काढून तासाभरात लायसन्स हातात आलं, आणि मास्तर मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसले. मागची सीट म्हणजे काय वर्णावी! गुडघे हनुवटीला टेकत होते. पण समोर ना पेडल, ना आरसा, ना कुणाला काही सांगायची जबाबदारी. खिडकीतून वारा येत होता. सिस्टर सिग्नलला थांबायच्या, इंजिन गप्प व्हायचं, मग पुन्हा गुरगुरायचं. मास्तरांनी त्या गुरगुरण्याकडे कान दिला. हा कितवा गिअर, ते त्यांना ओळखता येईना. दुसऱ्या सिग्नलला त्यांनी ओळखायचा प्रयत्न सोडून दिला. तिसऱ्याला त्यांचे डोळे मिटले. एकतीस वर्षांत दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग असताना मास्तर झोपले, असं कधीही झालं नव्हतं.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती. पण आपल्या दारात नव्हे. अनोळखी रस्ता, अनोळखी झाडं, एक निळ्या फाटकाचं घर. पुढची सीट रिकामी. स्टिअरिंगवर एक चिठ्ठी चिकटवलेली, ड्रेसिंगच्या चिकटपट्टीनं. मास्तरांनी मान लांब करून वाचली: "डॉक्टरीणबाईंना फोन केला, म्हणाल्या आजच सुरुवात करा. पहिला पेशंट इथेच आहे. अर्ध्या तासात येते. पाणी डाव्या बाजूला ठेवलंय. कशालाही हात लावू नका."

मास्तर पाणी प्यायले. पाय आखडले होते, पण मनाला फार बरं वाटत होतं. हात मांडीवर ठेवून ते निळ्या फाटकाकडे बघत बसले.

काचेवर टकटक झाली. पाठीमागे एक ट्रक येऊन थांबला होता आणि ड्रायव्हर खिडकीत वाकला होता.

"काका, गाडी जरा पुढे घेता का? मला वळायचंय."

"थांबावं लागेल," मास्तर म्हणाले. "आमच्या ड्रायव्हर आत पेशंट बघतायत."

"अहो, दोन फुटांचा तर प्रश्न आहे. तुम्हाला नाही येत का चालवता?"

"नाही," मास्तर ऐटीत मागे टेकून म्हणाले. "मी तसं लेखी दिलंय!"